‘चर्चेअंती सर्वानुमते ठरले’: एका परवाना मंडळाच्या सभेतला अकरावा विषय

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका परवाना मंडळाचं आहे. व्यवसाय रुग्णांवर उपचार करण्याचा. मंडळाच्या परवान्याशिवाय तो कोणाला करता येत नाही. परवाना देणं, त्याचं नूतनीकरण करणं, तक्रार आली तर चौकशी करणं आणि दोष सिद्ध झाला तर परवाना निलंबित किंवा रद्द करणं, हे सगळं हेच मंडळ करतं. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. मी तेव्हा मंडळाच्या कार्यालयात होते. सभेची नोटीस काढणं, विषयपत्रिका लावणं आणि इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. ज्या इतिवृत्तावर पुढे सगळं अडलं, ते माझ्या हातचं होतं.

मंडळावर ११ सदस्य. त्यांतले ७ व्यवसायातले, परवानाधारकांनी निवडून दिलेले. ३ व्यवसायाबाहेरचे, नामनिर्देशित. १ पदसिद्ध. गणपूर्ती, म्हणजे निर्णयासाठी लागणारी किमान उपस्थिती, ६ जणांची. सभा दर तीन महिन्यांनी.

व्यवसायातल्याच माणसांनी व्यवसायाचा न्याय करायचा, ही रचना जुनी आहे आणि तिच्यावरचा आक्षेपही तितकाच जुना. लंडनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सने थॉमस बॉनम नावाच्या वैद्याला परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल दंड केला आणि तुरुंगात टाकलं. त्या दंडातला अर्धा वाटा कॉलेजच्याच तिजोरीत जात होता. १६१० साली न्यायमूर्ती एडवर्ड कोक यांनी यावर बोट ठेवलं: जो पक्षकार आहे त्यानेच न्यायाधीश होऊ नये. चारशे वर्षांनी, २०१५ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर नॉर्थ कॅरोलिनाच्या दंतवैद्यक मंडळाचं प्रकरण आलं. आठ सदस्यांपैकी सहा जण स्वतः दवाखाना चालवणारे दंतवैद्य, आणि त्यांनी दात पांढरे करून देणाऱ्या बिगर-दंतवैद्यांना काम थांबवण्याची पत्रं धाडली होती. बाजारात उतरलेल्या माणसांच्या हाती मंडळ असेल आणि शासनाची सक्रिय देखरेख नसेल, तर स्पर्धाविरोधी कायद्यापासून त्याला संरक्षण मिळणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

आमच्या मंडळात हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. पण आपली माणसं सज्जन आहेत, मग आपल्याला त्याची काय धास्ती, अशी सगळ्यांची समजूत होती. माणसं खरोखरच सज्जन होती.

तक्रार

एका बाईंची तक्रार होती. त्यांच्यावर तीन भेटींत उपचार झाले आणि त्यांतला मोठा भाग परवाना नसलेल्या मदतनिसाने केला, असं त्यांचं म्हणणं. चौकशीसाठी मंडळाच्याच तीन सदस्यांची समिती नेमली गेली, दोन व्यवसायातले आणि एक बाहेरचे. समितीने उपचारांचं कार्ड मागवलं. मी ते कार्ड हातात घेऊन पाहिलं आहे. तीन भेटींच्या तीन तारखा, मध्ये बरेच आठवडे, पण तिन्ही नोंदी एकाच शाईत, एकाच लयीत, एकाखाली एक समान अंतर सोडून लिहिलेल्या. खऱ्या कार्डावर असं कधी होत नाही. कधी पेन बदललेलं असतं, कधी घाईत ओळ तिरकी गेलेली असते. हे कार्ड मागाहून एका बैठकीत लिहिलं आहे, असा समितीचा निष्कर्ष होता. मदतनिसाबरोबर काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याची साक्षही होती. समितीने सहा महिन्यांच्या निलंबनाची शिफारस केली.

परवानाधारकाने कारणे दाखवा नोटिसीला पाच पानी उत्तर दिलं. त्यातल्या तिसऱ्या पानावर एक परिच्छेद होता: मंडळाच्या अध्यक्षांचा दवाखाना माझ्याच भागात आहे, दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडचे एक सहकारी त्यांना सोडून माझ्याकडे आले, त्यामुळे अध्यक्षांनी या प्रकरणात बसू नये. हे उत्तर मी आवक नोंदवहीत चढवलं, प्रती काढल्या, फायलीला लावल्या. तिसरं पान मीही वाचलं होतं आणि मंडळाच्या निबंधकांनीही (रजिस्ट्रार). पण ती एक स्वतंत्र हरकत आहे आणि तिच्यावर आधी निर्णय व्हायला हवा, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. आरोप झाला की उलट आरोप येतोच, असं म्हणून आम्ही ते पान उलटलं.

सभा

सभा दुपारी दोनला. विषय १४. उपस्थिती पत्रकावर ९ सह्या. तक्रारीचा विषय अकरावा होता, कारण विषयपत्रिका वर्षानुवर्षं एकाच क्रमाने लागायची: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्च, नूतनीकरण, परीक्षा, इमारत दुरुस्ती, मग प्रलंबित प्रकरणे आणि शेवटी ऐनवेळचे विषय. ज्या विषयावर एका माणसाची रोजीरोटी आणि दुसऱ्या माणसाचा न्याय अवलंबून होता, तो दुरुस्तीच्या निविदांनंतर यायचा. त्या दिवशी निविदांवरच पाऊण तास गेला.

अकरावा विषय साडेपाचला निघाला. मधल्या वेळात तिघे जण उठून गेले होते. खोलीत उरले सहा. म्हणजे गणपूर्ती बरोबर काठावर. त्या सहांत एक अध्यक्ष, दोन चौकशी समितीचे सदस्य. अध्यक्षांना वगळलं तर पाच, समितीचे दोघेही वगळले तर तीन. मी हे कागदाच्या कोपऱ्यात मांडलं आणि निबंधकांकडे सरकवलं. त्यांनी ते अध्यक्षांना दाखवलं. पुढची दहा मिनिटं या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची होती आणि तीच इतिवृत्तात कुठेही नाहीत.

तेव्हा समोर असलेले पर्याय

पहिला, विषय पुढच्या सभेवर ढकलणं. म्हणजे आणखी तीन महिने. तक्रार तोवर चौदा महिन्यांची झाली होती आणि परवानाधारकाचा दवाखाना चालूच होता. बाहेरच्या सदस्यांपैकी जे एक हजर होते, ते म्हणाले, ‘त्या बाईंना अजून किती थांबवायचं?’ प्रश्न रास्त होता.

दुसरा, सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करून त्याच जागी पुन्हा भरवणं, कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. संस्थांच्या सर्वसाधारण सभांत ही वाट सर्रास वापरतात, म्हणून ती लगेच सुचली. पण आमच्या नियमांत तशी तरतूदच नव्हती. असती तरी अंदाजपत्रक मंजूर करणं वेगळं आणि परवाना काढून घेणं वेगळं. तीन-चार जणांनी असा निर्णय देणं मला पटलं नसतं.

तिसरा, बाहेरगावी असलेल्या सदस्याला फोनवर घेणं. नियमांत नव्हतं, आणि त्यांच्यासमोर फाइलही नव्हती.

चौथं म्हणणं असं आलं की गणपूर्ती सुरुवातीला होती, नंतर कोणी हरकत घेतली नाही तर ती आहे असंच धरायचं. सभाशास्त्रात असा संकेत आहे, हे खरं. पण तो सभागृहात बसलेल्यांसाठी आहे. ज्याचा परवाना जाणार तो माणूस बाहेर बाकावर बसला होता. आत किती जण उरलेत हे त्याला दिसतच नव्हतं, मग हरकत घेणार कशी?

पाचवा पर्याय अध्यक्षांनी स्वतः सुचवला. ‘मी मत देत नाही, चर्चेतही पडत नाही, फक्त बसून राहतो. म्हणजे संख्या राहील.’ सगळ्यांना हायसं वाटलं. अध्यक्षांचा प्रामाणिकपणाही दिसला आणि कामही अडलं नाही.

हाच पर्याय स्वीकारला गेला. ज्या सदस्याला हितसंबंधामुळे मत देता येत नाही, त्यालाच गणपूर्तीसाठी मोजायचं, ही त्यातली मूळ चूक. त्या खोलीत त्या वेळी ती कोणी उच्चारली नाही. मी कागदावर आकडे लिहिले होते, पण तोंडाने बोलले नाही. सभेत कार्यालयीन माणसाने बोलायचं नसतं असा रिवाज होता.

बंद दाराआड

परवानाधारक आणि तक्रारदार दोघांचं म्हणणं ऐकून झालं, दोघांना बाहेर पाठवलं, दार लावलं. चर्चा वीसेक मिनिटं चालली. व्यवसायाबाहेरच्या सदस्यांनी विचारलं, तीन भेटींच्या नोंदी एकदम लिहिण्याची पद्धत असते का? क्षणभर कोणी बोललं नाही. मग सगळ्यांनी सवयीने पाहिलं ते अध्यक्षांकडे. ते म्हणाले, ‘नाही.’

उत्तर बरोबर होतं. खोलीतल्या व्यवसायातल्या कोणीही तेच दिलं असतं. पण ते दिलं कोणी, हा प्रश्न पुढे आला आणि त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

पाच हात वर झाले, त्यांत चौकशी समितीचे दोघेही. सहा महिने निलंबन. इतिवृत्तात मी नेहमीची ओळ लिहिली: ‘विषय क्र. ११. प्रलंबित तक्रार प्रकरणी चौकशी अहवालावर विचार करणे. चर्चेअंती सर्वानुमते ठरले की, संबंधितांचा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित करण्यात यावा.’ कोण हजर होतं, कोणी मत दिलं नाही, परवानाधारकाच्या बचावाचं काय झालं, कार्डाबद्दल मंडळाचं स्वतःचं मत काय, एक अक्षर नाही. ‘चर्चेअंती सर्वानुमते’ ही ओळ मी तोवर शेकडो वेळा लिहिली असेल. इमारतीच्या दुरुस्तीला ती चालते.

आदेश निघाला तो अध्यक्षांच्या सहीने. सगळे आदेश त्यांच्याच सहीने निघायचे. निबंधकांनी मसुदा ठेवला, त्यांनी सही केली. या एका कागदापुरती सही वेगळ्या कोणाची हवी, हे ना त्यांच्या मनात आलं ना आमच्या. माझ्या मते सगळ्या चुकांत ही सर्वांत टाळण्याजोगी होती.

निष्पन्न

अपील झालं. तिसऱ्या आठवड्यात आदेशाला स्थगिती आली. अपील अधिकाऱ्यांनी त्या सभेचा सगळा कागद मागवला आणि अध्यक्ष त्या विषयाच्या वेळी कुठे होते, काय म्हणाले, याची शपथपत्रं मागितली. व्यवसायाबाहेरच्या त्या सदस्यांनी घडलं तसं लिहून दिलं, ‘नाही’ या शब्दासकट. त्यांना काहींनी नंतर बोल लावला. मला मात्र त्यांच्याबद्दल तेव्हाही आदर वाटला, आजही वाटतो.

सुनावणीत आमच्या बाजूने सांगितलं गेलं की अध्यक्षांनी मत दिलेलं नाही. त्यावर १९६९ च्या क्रैपाक खटल्याचा दाखला आला. त्यात जम्मू-काश्मीरचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक निवड मंडळावर होते आणि निवडीसाठी उमेदवारही होते. स्वतःच्या नावावेळी ते चर्चेत बसले नव्हते, पण इतरांच्या वेळी बसले होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने निवड रद्द केली. प्रत्यक्ष पक्षपात झाला का, हे शोधत बसावं लागत नाही. पक्षपाताची वाजवी शक्यता पुरते.

मग हरकत उशिरा घेतली असा मुद्दा काढून पाहिला. १९५७ च्या माणकलाल खटल्यात एका वकिलाविरुद्धच्या चौकशी न्यायाधिकरणाचे प्रमुख हे पूर्वी तक्रारदाराच्या बाजूने न्यायालयात उभे राहिलेले होते. न्यायालयाने ते गैर ठरवलं, तरी त्या वकिलाने वेळेत हरकत घेतली नाही म्हणून त्याला त्याचा फायदा दिला नाही. आमच्याकडे उलट होतं. हरकत वेळेत आली होती, लेखी आली होती, आमच्याच आवक क्रमांकासह फायलीत होती. तिसरं पान.

नऊ महिन्यांनी आदेश रद्द झाला. अध्यक्ष आणि चौकशी समितीचे तिघे वगळून नव्याने सुनावणी घ्यावी, कारणं लिहून निर्णय द्यावा, असं सांगितलं गेलं. दुसरी सुनावणी व्हायला आणखी चार महिने लागले. तोवर साक्ष देणारा कर्मचारी नोकरी सोडून दूर गेला होता आणि त्याने यायला नकार दिला. कार्ड मागाहून लिहिल्याचा आरोप सिद्ध झाला. मदतनिसाने उपचार केल्याचा झाला नाही. निलंबन तीन महिन्यांचं झालं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्या बाई मुळात आल्या होत्या, ती शाबीत व्हायची राहूनच गेली.

मधल्या काळात काय बदललं

मंडळाने स्वतःचे सभानियम पुन्हा लिहायला घेतले. मसुद्याचं काम माझ्याकडे आलं.

सगळ्यात वाद झाला हितसंबंधाच्या व्याख्येवर. एका सदस्यांचं म्हणणं, सगळेच एकमेकांचे स्पर्धक आहेत, ही फूटपट्टी लावली तर कोणीच बसू शकणार नाही. त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. अमेरिकेत अलाबामातल्या दृष्टिमापकांच्या, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर देणाऱ्यांच्या, मंडळाबाबत नेमका तोच पेच १९७३ मध्ये आला होता: मंडळावर सगळे स्वतंत्र व्यवसाय करणारे, आणि कारवाई कंपनीत नोकरी करणाऱ्यांवर. तिथे अख्खं मंडळच आर्थिक हितसंबंधामुळे अपात्र ठरलं. आम्ही अखेर अशी रेघ ओढली की नुसता व्यवसाय एक असणं हा हितसंबंध नाही; त्याच भागातला थेट स्पर्धक, आजी-माजी भागीदार, नातं, पूर्वीचा वाद किंवा कर्मचाऱ्यांची देवाणघेवाण असेल तर आहे. संशय असेल तर सदस्याने आधी सांगायचं आणि निर्णय बाकीच्यांनी घ्यायचा. ‘माझं मन स्वच्छ आहे’ हे उत्तर ग्राह्य धरायचं नाही. ही रेघ योग्य ठिकाणी आहे याची मला खात्री नाही, पण रेघच नसण्यापेक्षा बरी.

हितसंबंध असलेला सदस्य आता खोलीबाहेर जातो, गेल्याची आणि परतल्याची वेळ लिहिली जाते, आणि तो गणपूर्तीत धरला जात नाही. शिस्तभंगाचे विषय इतिवृत्त कायम केल्यावर लगेच, दुसऱ्या क्रमांकावर येतात. त्या विषयापुरती डोकी पुन्हा मोजली जातात. मतं नावानिशी लिहिली जातात. आदेशावर सही त्या विषयाच्या वेळी अध्यक्षस्थानी असलेल्या व्यक्तीची.

चौकशी करणाऱ्यांनी निर्णयात बसायचं की नाही, यावर मतभेद राहिले. चौकशी आणि निर्णय एकाच मंडळाकडे असणं म्हणजे आपोआप अन्याय नव्हे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या एका वैद्यकीय मंडळाच्या खटल्यात म्हटलेलं आहे, आणि ११ जणांच्या मंडळात माणसं तरी किती वाटणार? तरी आम्ही वेगळं ठेवायचं ठरवलं. ज्याने अहवाल लिहिला त्याला तो चुकला असेल हे मान्य करणं जड जातं, एवढं साधं कारण.

वेगळं काय करता आलं असतं

साडेपाच वाजताच्या त्या दहा मिनिटांकडे मी परत परत जाते. मंडळाच्या नियमांत विशेष सभेची तरतूद होती: सात दिवसांची नोटीस, एकच विषय. त्या खोलीत ती कोणालाही आठवली नाही, कारण सभा तिमाहीच असते हे डोक्यात घट्ट बसलं होतं. अध्यक्ष आणि समितीचे तिघे वगळले तरी सात सदस्य उरत होते. गणपूर्ती सहाची. एकच जण गैरहजर राहिलेला चालला असता, पण फोन करून तारीख ठरवणं अशक्य नव्हतं. आठ-दहा दिवस थांबायचं की तीन महिने, असा तो प्रश्न होता. आमच्यापुढे तो ‘आज की तीन महिन्यांनी’ असा आला आणि आम्ही ‘आज’ म्हटलं. त्या ‘आज’ची किंमत तेरा महिने आणि एक साक्षीदार.

त्याआधीचा मुद्दा तिसऱ्या पानाचा. हरकत आली त्याच आठवड्यात उपाध्यक्षांकडे देऊन, विषयपत्रिका निघण्यापूर्वीच निकाली काढता आली असती. अध्यक्ष नक्की बाजूला झाले असते. त्यांच्याबद्दल माझं मत आजही हेच आहे. त्यांना ती वेळच आम्ही दिली नाही.

आणि इतिवृत्त. इतिवृत्तात कोण काय बोललं ते लिहायचं नसतं, काय ठरलं ते लिहायचं असतं, असं मला शिकवलं गेलं. हेन्री रॉबर्ट यांच्या १८७६ सालच्या सभानियमांपासून ही शिकवण चालत आली आहे आणि बहुतेक विषयांना ती योग्यच आहे. पण अर्धन्यायिक काम, म्हणजे न्यायालय नसूनही न्यायनिवाड्यासारखा निर्णय देणं, वेगळं. १९९० च्या एस. एन. मुखर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा निर्णयांमागची कारणं नोंदवण्याची जबाबदारी स्पष्ट केली आहे. आता आम्ही सभेचं इतिवृत्त आणि निर्णयाची कारणं असे दोन वेगळे कागद ठेवतो. दुसरा निर्णयात बसलेल्यांपैकीच एकाने लिहायचा, कार्यालयाने नाही. मी खरं लिहिलं असतं तर आदेश टिकला असता असं नाही. उलट त्यातली चूक त्याच आठवड्यात उघडी पडली असती आणि मंडळाला ती स्वतःहून दुरुस्त करता आली असती.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. चौकशी चालू असताना रुग्णांना धोका दिसत असेल तर तात्पुरते निर्बंध घालण्याचा अधिकार कोणाला द्यायचा? तीन जणांच्या समितीला दिला तर काम लवकर होतं, पण तीन जण म्हणजे थोडेच. पूर्ण मंडळाला दिला तर पुन्हा गणपूर्ती आलीच. मसुदा दोन सभा पुढे ढकलला गेला आहे.

दुसऱ्या निर्णयानंतर तक्रारदार बाई कार्यालयात आल्या. त्यांनी दोन्ही सभांच्या इतिवृत्तांतल्या आपल्या विषयाच्या प्रती मागितल्या. पहिली चार ओळींची, दुसरी दोन पानांची. दुसऱ्या कागदावर ‘अध्यक्ष दुपारी २ वाजून १० मिनिटांनी सभागृहाबाहेर गेले, अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष’ या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ‘हे मागच्या वेळी का नव्हतं?’ मी त्यांना खुर्ची दिली आणि साडेपाच वाजल्यापासून काय काय झालं ते सांगायला सुरुवात केली.